एक दात पुढच्या रविवारी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची खोली बिनलिफ्टच्या इमारतीत, तीही चौथ्या मजल्यावर असावी, ही थट्टा कुणी ठरवून केली असती तरी इतकी जमली नसती. दिवसभर लोकांना वरखाली सुखरूप पोचवायचं आणि संध्याकाळी हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून स्वतः धापा टाकत जिना चढायचा. शेजारणी विचारायच्या, "काय हो लिफ्टवाले, आमच्यावरच राग आहे का तुमचा?" तो हसायचा. हसत हसत पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा.

कामावर त्याला लिफ्टवाला कोण म्हणणार? तिथे सगळेच लिफ्टवाले. तिथे तो हातलाव्या. लिफ्टच्या कुठल्याही मोटारीपाशी गेला की मीटर काढायच्या आधी तिच्यावर सबंध तळहात ठेवायचा. बोटं नव्हेत, तळहात. हात टिकला तर मोटार धड आहे. झटकन उचलावा लागला तर तिचं काहीतरी बिनसलंय. पोरं टर उडवायची, "काय हातलावे, ताप किती आहे पेशंटला?" उडवू देत बापडी. गच्चीवरच्या मशीन रूमच्या त्या कोंदट उकाड्यात, ग्रीसच्या वासात, मोटारीवर हात ठेवून डोळे मिटून उभा असलेला हा माणूस त्या घटकेला अगदी सुखी दिसायचा.

त्याची दुसरी सवय मात्र साऱ्या धंद्याचीच. लिफ्टमध्ये माणूस अडकला की बाहेरून पहिलं वाक्य काय बोलायचं, हे कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. "घाबरू नका हं, दोन मिनिटांत काढतो!" मग गच्चीवर पळत जाऊन, ब्रेक सोडून, हाताने चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणेपर्यंत अर्धा तास जावो नाहीतर पाऊण. आतल्याला अर्धा तास म्हटलं की तो दारावर लाथा घालतो. दोन मिनिटं म्हटलं की धीर धरतो. हातलाव्याच्या मते हे खोटं नव्हतंच, औषध होतं. आणि औषध म्हणून खरंच लागू पडायचं. कितीतरी रडकुंडीला आलेल्या बायका, कितीतरी पाचावर धारण बसलेले दांडगे पुरुष त्याने त्या दोन मिनिटांवर तगवले होते.

घोळ झाला तो हे औषध घरी आणल्यामुळे. "निघालास का?" असं बायकोने फोनवर विचारलं की हा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कुठल्यातरी गच्चीवर चाकाला लटकलेला असायचा आणि म्हणायचा, "दोन मिनिटांत पोचतोच." लेकीला शाळेतून आणायचं, दोन मिनिटं. दवाखाना, पालकांची सभा, सासूबाईंना गाडीत बसवून देणं, सगळीकडे दोन मिनिटं. बायको भांडखोर नव्हती. निघताना एवढंच म्हणाली, "तुझं खोटं वाईट नसतं रे. पण ते खोटंच असतं." मग तिने एका औषधाच्या दुकानवाल्याशी लग्न केलं. आता हा दुकानवाला तरी नालायक निघावा! कसलं काय. इतका सज्जन की शिवी द्यायला तोंड उघडावं तर आपल्यालाच लाज वाटावी.

ठरलं असं की दर रविवारी दुपारी लेकीने बापाकडे यायचं. लेक दहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तीच भिंगरी बापाच्या खोलीत आली की पलंगाच्या कडेला बसून राहायची, पाय हलवत. हा बिस्किटं काढायचा, चित्रकलेची वही काढायचा, कुणाकुणाला लिफ्टमधून कसं काढलं त्या गोष्टी सांगायचा. ती सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "बाबा, किती वाजले?" पुढे पुढे रविवार गळायला लागले. आज तिचं पोट दुखतंय, उद्या परीक्षा आहे, मैत्रिणीचा वाढदिवस आहे. शेवटी तिच्या आईने स्पष्ट सांगितलं, "हे बघ, मी तिला ढकलून पाठवणार नाही. तिला यावंसं वाटलं तर येईल. मोठी होतेय ती." फोन ठेवल्यावर हातलाव्या त्या दिवशी जेवला नाही. त्या पोरीशिवाय त्याला कोण होतं? कुणी नाही. रविवार गेले की संपलंच.

आणि अशात एका रविवारी पोरगी आपणहून आली. जिना पळत चढून आली. छातीशी धरलेली एक चेंडूएवढ्या चाकांची, रिमोटवर पळणारी खेळण्यातली गाडी, बगी. काकांनी, म्हणजे त्या दुकानवाल्याने, वाढदिवसाला दिलेली. गवतात आणि वाळूत दामटून हिने तिची मोटार जाळली होती.

"बाबा, काका म्हणाले यातलं मला काही कळत नाही. तू मोटारवालाच आहेस ना?"

हातलाव्याने ती जळकी मोटार हातात घेतली, वास घेतला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याची मोटार जळाल्याचा इतका आनंद आजवर कुठल्या मेकॅनिकला झाला नसेल.

दोघं लगेच दुकानात गेली. खेळण्यांच्या दुकानात मागच्या बाजूला अशा गाड्यांच्या सुट्या भागांचं एक काउंटर होतं आणि तिथे कुरळ्या केसांची एक मुलगी बसलेली. तिने दोन मोटारी काढून ठेवल्या. दिसायला सारख्या, वरचं लेबल तेवढं वेगळं. लाल लेबलवालीत तारेचे वेढे कमी. ती सुसाट पळणार, पण तापट, आणि वीजही ढोसणार. निळीत वेढे जास्त. ती संथ, पण दमदार.

"लाल! बाबा, लाल!" भिंगरी टाचा उंचावून नाचायला लागली.

"पळवणार कुठे?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"मातीत. खडीतसुद्धा."

"मग लाल पुन्हा जळेल बघ. निळी घे आणि वेग पिनियनने वाढव." मोटारीच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांडीवर, नखाएवढी दातेरी चक्री बसते ती पिनियन. तिने त्यांची एक माळच पुढे केली, एकेक दात जास्त असलेल्या चक्र्यांची. "दात वाढले की वेग वाढतो, पण मोटारीवर भारही वाढतो. आधी सगळ्यात लहान लाव. गाडी पळव, मोटार किती तापते बघ. फार तापली नाही तर एक दात वाढव. तापायला लागली की थांब."

"तापली ते कसं बघायचं?" भिंगरीने विचारलं.

दुकानातली मुलगी काही बोलायच्या आत हातलाव्याने तळहात पुढे केला. "असं."

निळी मोटार आणि चक्र्यांची माळ घेतली आणि ती बसवायला म्हणून बगी त्या आठवड्यात त्याच्याकडे राहिली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो एका इमारतीच्या गच्चीवर गेला. डबा तसाच बाजूला ठेवून, पाण्याच्या टाक्यांना वळसे घालत, वाळत घातलेल्या चादरींखालून त्याने बगी पळवली आणि एकामागून एक सगळ्या चक्र्या लावून पाहिल्या. पहिल्या तिन्हींवर मोटार कोमट. चौथीवर गरम, पण हात टिकत होता, आणि बगी अशी सुटली की तो एकटाच "अरे वा!" म्हणून ओरडला. पाचवीवर चटका. म्हणजे चौथी. उत्तर सापडलं, काम संपलं.

संपलं? हातलाव्या भरल्या डब्याकडे बघत बसला. रविवारी ही चौथी लावून गाडी तिच्या हातात दिली की मग पुढच्या रविवारी ती कशाला येईल? त्याने पाचवी काढली, सगळ्यात लहान बसवली आणि बाकीच्या काड्यापेटीत घालून पेटी खिशात टाकली. यात त्याला तरी काही वावगं वाटलं नाही. दुकानातली मुलगी म्हणालीच होती की एकेक दात वाढवायचा. पोरीला शिकायला नको का?

आणि काय ते रविवार! इमारतीच्या मागे गाड्या लावायची सिमेंटची जागा होती आणि पलीकडे मातीचा उघडा तुकडा. तिथे बापलेक गुडघ्यांवर बसायची. भिंगरी आता स्वतः स्क्रू काढायची. पिनियन आणि ती ज्याला फिरवते ते मोठं दातेरी चाक यांच्या मधे कागदाची पट्टी धरायची, मोटार दाबून स्क्रू आवळायचे आणि पट्टी ओढून काढायची, म्हणजे दातांत हवी तेवढी फट राहते. हे तिला एका खेपेतच आलं. बॅटरी संपेपर्यंत बगी पळवून झाली की खरा सोहळा. दोघांनी आळीपाळीने मोटारीवर हात ठेवायचा.

"बोटाने नाही. बोट घाबरट असतं. सबंध तळहात ठेव. आता सांग."

"टिकतोय! बाबा, हात टिकतोय!"

"मोटार कधी खोटं बोलत नाही बघ. हाताला जे कळेल तेच खरं. मी सांगितलं तरी नाही, आणखी कुणी सांगितलं तरी नाही. हात ठेवायचा आणि मग ठरवायचं."

पोरीने मान डोलावली. तिला घ्यायला तिची आई आली की ही म्हणायची, "थांब ना गं, दोन मिनिटं!" आई हातलाव्याकडे बघायची आणि हातलाव्या नजर चुकवायचा. पण मनातून तो इतका खूश असायचा की परत जाताना जिन्याच्या पायऱ्या दोनदोन करून चढायचा.

तिसरी चक्री बसवली त्या रविवारी भिंगरीने दोन बातम्या आणल्या. एक, शनिवारी शाळेच्या मैदानावर मुलांच्या रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती आणि तिच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या चष्मिसाला हरवायचंच, असा तिचा पण होता. दुसरी बातमी तिने स्क्रू आवळता आवळता सहज सांगितली. "काका मला पोहायच्या क्लासला घालणार आहेत. रविवारी दुपारी असतो. आई म्हणाली, आधी तुझी गाडी पूर्ण होऊ दे, मग जा."

हातलाव्याने पान्हा खाली ठेवला, परत उचलला.

बॅटरी संपत आली. बगी धावत येऊन तिच्या पायांशी थांबली. "बाबा, आज आणखी एक दात वाढवू या. शनिवारी शर्यत आहे ना. चौथी लाव. दुसरी बॅटरी आहे माझ्याकडे."

चौथी चक्री काड्यापेटीत होती. काड्यापेटी खिशात होती. लावायला खरोखरच दोन मिनिटं लागली असती, आयुष्यात पहिल्यांदा खरी दोन मिनिटं. ती लावली की गाडी पूर्ण. गाडी पूर्ण की पोहायचा क्लास. हातलाव्याने मोटारीवर तळहात ठेवला. मोटार कोमट होती. त्याने हात झटकन मागे ओढला आणि फुंकर घातली.

"हाय रे! चटकाच बसला. भलतीच तापलीय. आता आणखी दात घातला तर जळेल."

आजवर हा माणूस बायकोशी खोटं बोलला होता, साहेबाशी, अडकलेल्या शेकडो लोकांशी बोलला होता. मोटारीचं खोटं त्याने कधी सांगितलं नव्हतं. ते त्याने त्या दिवशी सांगितलं, आणि तेही कुणाला?

भिंगरीने आपला हात पुढे केला. बोट नाही, सबंध तळहात, जसा शिकवला होता तसा. ठेवला. ठेवूनच बसली. मग तिने मान वर करून बापाकडे पाहिलं.

"टिकतोय की, बाबा."

"तुझा हात लहान आहे. तुला कळत नाही त्यातलं."

तिने हात उचलला नाही. तसाच मोटारीवर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. एखादं गणित पुन्हा करून पाहावं तशी.

"पुढच्या रविवारी घालू ना एक दात," तो घाईघाईने म्हणाला. "नक्की. मोटार जरा मुरू दे."

"बरं," ती म्हणाली. भांडली असती, रडली असती, पाय आपटले असते तर किती बरं झालं असतं! तिने स्क्रू डबीत भरले, हात पुसले आणि आई यायच्या आधीच बगी घेऊन फाटकाशी जाऊन उभी राहिली.

तो आठवडा हातलाव्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. कुठल्याही मोटारीवर हात ठेवला की तिचा तो हात दिसायचा. एका इमारतीत एक आजोबा लिफ्टमध्ये अडकले तेव्हा याच्या तोंडून नेहमीचं वाक्यच फुटेना. "बघतो, बघतो," म्हणत राहिला. आजोबा आत देवाचं नाव घ्यायला लागले.

शनिवारी तो सुट्टी टाकून मैदानावर गेला. शर्टाच्या खिशात काड्यापेटी, पँटच्या खिशात पेचकस. दोऱ्या बांधून आणि जुने टायर मांडून मातीत गोल रस्ता आखला होता. भिंगरी बगी घेऊन कडेला उकिडवी बसली होती. काका तिच्यावर छत्री धरून उभे होते. याला पाहताच त्यांनी नमस्कार केला आणि, "बोला तुम्ही दोघं," म्हणून छत्री मिटून बाजूला झाले. हा असा माणूस!

हातलाव्या तिच्याजवळ बसला. "चल, आण इकडे. चौथी घालून टाकू. दोन मिनिटांचं काम आहे."

भिंगरीने बगी मांडीवर ओढून घेतली. "पण तापते ना?"

"नाही तापणार आता."

"का?"

हातलाव्याने तोंड उघडलं. काय सांगणार? मुरली? हवा थंड आहे? की सांगावं, बाळा, त्या दिवशीही तापत नव्हती, तू येशील म्हणून मी खोटं बोललो? शब्द अगदी ओठांवर होते. ती वाट बघत होती. तिने त्याला पुरेसा वेळ दिला, हे नंतर त्याला फार वेळा आठवलं. पण बोलायचं कसं ते त्याला येईना. अडकलेल्या माणसाला बाहेरून काय सांगायचं ते त्याला पाठ होतं. आपणच आत अडकलो तर काय बोलायचं ते त्याला कधी लागलंच नव्हतं.

"नाही तापणार म्हटलं ना," तो पुटपुटला.

"राहू दे, बाबा," भिंगरी म्हणाली. तेवढ्यात तिला नावाने पुकारलं आणि ती बगी घेऊन रेघेवर गेली.

शर्यतीचं सांगण्यासारखं काही नाही. चष्मिसाची गाडी पहिल्याच वळणावर पुढे गेली ती गेलीच. आणखी दोन पुढे गेल्या. एकीचं चाक निखळलं, एक टायरवर आपटून उलटली. भिंगरीची बगी कुठे अडली नाही, कुठे घसरली नाही, एका संथ लयीत चालत राहिली आणि बक्षिसं ठरून गेल्यावर पोचली. काकांनी टाळ्या वाजवल्या. "मोटारीचं मात्र कौतुक आहे हो तुमच्या," ते हातलाव्याला म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "एकदाही बंद पडली नाही."

हातलाव्याचा हात सवयीनेच मोटारीवर गेला. गार होती. इतकी गार की हात काढावासा वाटेना. त्याने वर पाहिलं तर भिंगरी त्याच्या हाताकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती येणार नाही असं धरून तो बसला होता, पण ती आली. ठरलंय म्हणून आईने पाठवली असावी. जिना सावकाश चढून आली. बगी आणली नव्हती.

"गाडी कुठाय गं? चौथी घालायची ना आज?"

"ठीक आहे तशीच. खेळते मी." मग थोड्या वेळाने, "पुढच्या रविवारपासून माझा पोहायचा क्लास आहे. आई म्हणाली, सांग बाबाला."

"हो का? छान. पोहायला यायलाच पाहिजे." तो उठला आणि ओट्यापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. दूध तापवलं, साखर घातली, पोळू नये म्हणून या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बराच वेळ निववलं. काहीतरी तिच्यासाठी नीट करायचं होतं त्याला. कप आणून तिच्यासमोर ठेवला. ती पलंगाच्या कडेला बसली होती, पाय हलवत.

"पी, बाळा. गरम नाहीये, निववलंय मी."

भिंगरीने कपाकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि कपाच्या अंगाला सबंध तळहात लावला. ठेवला, आणि तसाच ठेवून थांबली. हातलाव्या फडकं हातात धरून समोर उभा होता. हात टिकतोय अशी खात्री झाल्यावर तिने कप उचलला आणि दूध प्यायली.